दुसरं ताट

अक्का मोहोळहून माहेरी आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. दुष्काळ नुकताच सरला होता, त्यामुळे पोरगी त्यानेच वाळली असं शेजारणींना वाटलं, आणि आम्हीही वाटू दिलं. तिच्या दंडावरचे वळ मात्र दुष्काळाचे नव्हते.

आईने मायेपोटी पहिल्याच दिवशी पुरण घातलं, वर तुपाची धार. अक्काने चार घास खाल्ले आणि मोरीत जाऊन सगळं ओकली. दवाखान्यातली नर्सबाई आमच्याच चाळीत राहायची. तिने आईला चांगलंच झापलं. उपाशी पोटाला असलं जड झेपत नाही. आधी मुगाची पातळ खिचडी, ताक, मग भाकरी, पालेभाजी, डाळ, शेंगदाणे-गूळ. थोडं थोडं, पण दिवसातून पाच वेळा. अंगात रक्तच नाही, असंच चाललं तर साध्या तापातसुद्धा पोरगी हाती लागायची नाही, असं ती तोंडावर म्हणाली. अक्का खाते की नाही हे बघायचं काम माझ्याकडे आलं.

मी जन्माची तापट, असल्या कामाला अगदी नालायक. अक्का घास हातात धरून नुसती दाराकडे बघत बसायची. एकदा मी ओरडलेच, तेव्हा तिने हळूच सांगितलं. नवऱ्याचं झालं की त्याच्याच ताटात बायकोने जेवायचं, ही रीत आमच्याकडेही होती. आई अण्णांच्या ताटात जेवायची. पण दाजी चिडले की ताट चाटूनपुसून उठायचे, आणि दुसरं ताट घ्यायला सासूची बंदी. मार खाऊन वर उपाशी. हे आईला सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं, कारण त्यांच्याच ताटात जेव असं लग्नात आईनेच तिला बजावलं होतं. मी गप्प राहिले, त्याचा मला आजही राग येतो.

महिन्याभराने तिच्या गालावर थोडी लाली दिसू लागली, आणि दाजी न्यायला आले.

दुपारी अण्णा आणि दाजी शेजारी शेजारी जेवायला बसले. दाजी फार गोड बोलत होते. अण्णा मान डोलवत होते, पण भाकरीचा तुकडा नुसता चिवडत होते. दाजींनी हात धुतला तेव्हा ताटात एक आख्खी भाकरी, पिठलं, गुळाचा खडा, सगळं मुद्दाम ठेवलेलं होतं.

"ये की, जेवून घे. चारची गाडी हाय," ते म्हणाले.

आईचा चेहरा उजळला. जावई सुधारला, असंच तिला वाटलं असणार. तिने अक्काला त्या ताटावर बसायची खूण केली. अक्का उठली, ताटापर्यंत गेली आणि उभीच राहिली.

"लई येळा पुसल्यालं ताट मिळालं मला, आई," ती म्हणाली. "मला दुसरं दे."

दाजींचा हात उचलला गेला. अण्णा उठून मध्ये उभे राहिले, खरकट्या हातानेच. दाजींनी पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या आणि ते गेले.

आई बराच वेळ त्या भाकरीकडे बघत होती. मग तिने फडताळातून दोन ताटं काढली. एक अक्काला वाढलं, दुसरं स्वतःला. अण्णांचं ताट तसंच पडून राहिलं.