समितीसमोरचा नकार

दत्तक म्हणजे पाळण्यातलं बाळ, असं समजणाऱ्या लोकांना मोठ्या मुलांबद्दल सांगणं हे माझं आताचं काम. रायपुरात कुठे सभा असली की मी जाते आणि हिंदीत बोलते, कारण इथे मराठी घरातली पोरंही उत्तर हिंदीतच देतात. शेवटी माझं एक ठरलेलं वाक्य असतं: "मैं दस साल की थी. मुझे किसी ने माँगा ही नहीं." तिथे बायका पदर डोळ्यांना लावतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कारण मला मागितलं होतं.

इथल्याच गुढियारीत एक काका-काकू होते, मूळचे वर्ध्याकडचे. काका रेल्वेत. सहाव्या वर्षी बालकल्याण समितीने मला त्यांच्याकडे तात्पुरतं सांभाळायला दिलं होतं, मी चार वर्षं राहिले. त्यांना मूल नव्हतं. काकांची नागपूरला बदली ठरली तेव्हा त्यांनी मला दत्तक घ्यायचा अर्ज केला. मुलीची मर्जी समिती स्वतः विचारणार होती. काकूने आठवडाभर माझी तयारी करून घेतली. वेणी घालता घालता म्हणायची, "बाई विचारन, यायच्याजवळ राहशील का? तू फक्त हव म्हणजो." तिचं 'हव' म्हणजे 'हो'.

समितीसमोर जायच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर काकू माझ्या फ्रॉकने गॅसची शेगडी पुसत होती. त्यांच्या घरी आले तेव्हा अंगात होता तो. विटलेला, शिवण उसवलेला. आमच्यासारख्या घरात जुन्या कपड्याचं फडकंच होतं, त्यात तिचं काय चुकलं? पण त्या घराआधीचं माझं असं तेवढंच होतं. राग तेव्हाही माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. समितीतल्या बाईंनी विचारलं तेव्हा मी स्पष्ट "नाही" म्हटलं. का, असं विचारलं तर भिंतीकडे पाहत बसले. काकू बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. त्यात माझ्यासाठी शिरा होता.

ते दोघं नागपूरला गेले आणि मी बालगृहात, थेट अठरा वर्षांची होईपर्यंत. राग आठ दिवसांत उतरला होता. पण सांगायचं कोणाला, आणि कोणत्या तोंडाने?

मागच्या महिन्यात बूढापाऱ्यात सभा होती. वाक्य म्हणून झालं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून एक बाई गुडघा धरत उठली. काकू. काका गेल्यावर इथे बहिणीकडे राहायला आली होती. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझं माप माझ्या पदरात घालणार. लाज वाटली नाही असं नाही, पण भीती जास्त वाटली.

तिने माझा हात धरला आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"बराबर बोलली तू," ती म्हणाली. "मीबी लोकायले तेच सांगतो. आमीच नाही घेतलं म्हनतो. पोट्टीनं नाही म्हटलं, हे काहून सांगाव? तुले दुसऱ्या कोनी घेतलं नसतं मंग."

वीस वर्षं ती माझा दोष अंगावर घेऊन फिरत होती, आणि मी ती नव्हतीच असं सांगून टाळ्या घेत होते. माफी मागायची म्हणून मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"एक सांग," ती हळूच म्हणाली. "माह्यं काय चुकलं होतं वं?"

मी फ्रॉकचं सांगितलं.

"कोनता फ्रॉक?" तिने बराच वेळ आठवून पाहिलं. तिला आठवेना. "एवढंच होतं?"

त्या दिवशी बाईंसमोर म्हणायचा शब्द आता माझ्या तोंडून निघाला.

"हव," मी म्हटलं. "एवढंच."