वन्संची बोर

त्या दिवशी सकाळी यांचा हॉस्पिटलमधून फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाले. कुमुदताई म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. त्या गेल्याला आता दीडेक महिना होऊन गेला. आदल्या संध्याकाळी मीच त्यांच्यापाशी बसले होते. नाकात नळी होती, बोलताना धाप लागत होती, पण चौकशी चालली होती ती दारातल्या बोरीची. "उन्हं तापली. छाटणीचं संपतला सांगितलंस का?" मी म्हटलं, "सांगितलंय." "मग झालं," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. संपत म्हणजे आमच्याकडे झाडांची कामं करणारा. त्याला मी सांगितलं होतं, हे खरंच होतं. पण छाटायला नव्हे. वन्सं घरी यायच्या आत बोर मुळासकट काढून टाक, असं सांगितलं होतं. आल्यावर चार दिवस बोलतील, मग विसरतील, असा माझा हिशेब होता.

वन्सं शाळेत शिकवायच्या. लग्न केलं नाही. सारा जन्म कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत काढला. तिथं कुंडी ठेवायची तर शेजाऱ्यांना विचारावं लागायचं. आम्ही मांजरी गावात घर बांधलं तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. यांनी आग्रह करून त्यांना आणलं. मला समोरच्या मोकळ्या जागेत हिरवळ हवी होती, कडेनं गुलाब. त्यावर वन्सं म्हणाल्या, "हिरवळीला पाणी घालायचं, वाढली की कापायची, पुन्हा पाणी घालायचं. त्यापेक्षा नवरा सांभाळलेला बरा." आणि मी माहेरी गेले असताना त्यांनी फाटकाजवळ गावठी बोरीच्या बिया टोचल्या. बोर जागच्या जागीच लावायची असते, म्हणे. मूळ सरळ खोल जातं, उपटून दुसरीकडे लावली की रुसते. रोप पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याकडून चांगल्या बोरीची काडी आणून त्यांनी स्वतः डोळा भरून कलम केलं. त्या जागेच्या किंचित खाली आपल्या जुन्या पातळाची चिंधी बांधली आणि मला बोलावून दाखवलं. "चिंधीच्या खाली फुटेल ते जंगली. दया न करता काढायचं. वर फुटेल ते आपलं." झाड वाढेल तशी दरवर्षी ती चिंधी सोडून सैल बांधायच्या.

मला ते झाड कधीच आवडलं नाही. दारात काटेरी झाड असलं की घरात भांडणं होतात, असं माझी आई म्हणायची. तेही मी वन्संना ऐकवून पाहिलं. "भांडायला झाड कशाला हवं? मी आहे की," म्हणाल्या. बोरं मात्र गोड होती, ते नाकारत नाही. संक्रांतीनंतर आळीतल्या प्रत्येक बोरन्हाणाला आमच्याकडची बोरं जायची. वन्सं एकेक बोर निवडून, किडकं काढून डबे भरायच्या. स्वतः जायच्या नाहीत. "बोरं गेली म्हणजे मीच गेले," म्हणायच्या. मी डबे पोचवून यायची, तिथं कौतुक ऐकून घ्यायची आणि घरी आले की पुन्हा काट्यांवरून सुरू व्हायची. अंगणभर काटे, पोराबाळांच्या पायात जातील, गाडीचं चाक बसेल. वन्सं ऐकून घ्यायच्या आणि एकच विचारायच्या, "तुला एकदा तरी रुतलाय का गं?" रुतला नाही म्हणून काय झालं, असं मी म्हणायची. आता ते उत्तर आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी वन्सं पायरीवर बसायच्या. दारातल्या सगळ्यांच्या चपला एकेक करून उलट्या करायच्या, तळावरून अंगठा फिरवायचा, काटा लागला की चिमट्यानं काढून डबीत टाकायचा. मी हे रोज बघत होते. म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो, तसा हा त्यांचा चाळा, असं मला वाटायचं. एकदा तर पाहुण्यांसमोर हसून म्हटलंही, "आमच्या वन्संनी चपलांचं दुकान काढलंय." त्याही हसल्या.

त्यांचे दिवस झाले, माणसं पांगली. एके सकाळी मी फाटकाशी दूध घ्यायला गेले आणि चपलेतून काटा थेट टाचेत गेला. मी तिथंच खाली बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टाच दुखत होती, त्याचं काही नाही... पण आपण ज्या काट्यांवरून त्या बाईला इतकी वर्षं बोललो, ते आपल्या पायापर्यंत तिनं पोचूच दिले नव्हते, हे मला त्या दुधाच्या पिशव्या हातात धरून कळलं. हे बाहेर आले, त्यांना वाटलं मी पडले.

गेल्या आठवड्यात संपत करवत घेऊन दारात उभा राहिला. मधल्या गडबडीत त्याला निरोप द्यायचा राहूनच गेला होता. "बाई, आख्खंच काढायचं म्हनला व्हता न्हवं? ताईस्नी ठावं हाय का?" ताई गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो करवत खाली ठेवून बोरीकडे बघत राहिला. मी म्हटलं, "काढायचं नाही, संपत. छाटायचं. दरवर्षी छाटतोस तसंच."

त्यानं बोर छाटली. नुसती खोडं उरली. दरवर्षी या दिवसांत ती अशी बोडकी दिसली की मी मनातल्या मनात म्हणायची, मेली एकदाची. यंदा मात्र खोडावरची चिंधी जागेवर आहे ना, ते मी वाकून पाहिलं. खाली जंगली फुटवा आला होता, तो संपतकडून काढून घेतला. आणि तरी दिवसभर मनाला चैन पडेना. वन्संना दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळं झालं होतं, पण शब्द देताना माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांना आता कोण सांगणार...

फांद्या उचलून नेल्या तरी अंगणात काटे सांडलेच होते. संध्याकाळी मी चिमटा आणि डबी घेऊन पायरीवर बसले. यांच्या चपला पाहिल्या, माझ्या पाहिल्या. कोपऱ्यात वन्संच्या चपला अजून तशाच होत्या. त्या हलवायला दोघांचाही हात झाला नव्हता. मी त्या उचलून उलट्या केल्या. सगळा तळ मोडक्या काट्यांनी भरला होता. काही जुने, रबरात रुतून काळे पडलेले, काही याच हंगामातले. आमच्या चपला बघून होईपर्यंत अंधार पडत असेल आणि स्वतःच्या राहून जात असतील. त्याच चपला घालून त्या रोज बोरीखाली जात होत्या आणि मला विचारत होत्या, तुला एकदा तरी रुतलाय का गं?