पुसलेलं मेण

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांचा सगळ्यांवर संशय होता आणि त्याला कारण एक गाभण घोडी होती. दिवस भरून गेले तरी ती व्यायचं नाव घेत नव्हती.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. माहेर हदगावकडचं, काळ्या जमिनीचं आणि म्हशींचं. सासर जळकोटजवळच्या एका माळावरच्या गावातलं. घरात आम्ही चौघंच: सासू, सासरे, नवरा आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. काल-परवापर्यंत उस्मानाबादला जाणारे कागद आता लातूरला जात आणि माणसं जिल्हा जवळ आला म्हणून खूश होती. पाऊस मात्र दोन वर्षं कुठल्याच जिल्ह्यात पडला नव्हता. विहिरींनी तळ दाखवला होता. पाण्याचा टँकर येईल त्या दिवशी दिवाळी, नाही आला तर रिकाम्या घागरींकडे बघत बसायचं.

घोडी मामांची. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. माळेगावच्या जत्रेतून शिंगरू असताना आणलेली. एकेकाळी तिच्यावर बसून मामा मुखेडचा बाजार करत. पुढे एसटी गावात यायला लागली, घोडीचं काम संपलं, पण मामांनी तिला सोडलं नाही. आदल्या वर्षी अक्षय तृतीया झाल्यावर ते तिला मुखेडकडच्या एका गावी घोड्याला दाखवायला घेऊन गेले होते. घोडी अकरा महिने पोटात वागवते. तो हिशोब चैत्र सरता सरता पुरा झाला, मग अक्षय तृतीयाही पुन्हा येऊन गेली आणि घोडी तशीच, पोट खाली ओघळलेलं, शेपटीनं माशा वारत उभी.

गावाला बोलायला विषय मिळाला. कुणी म्हणालं घोडाच वांझ निघाला, कुणी म्हणालं आतलं मेलंय, कुणी म्हणालं वैरण नसल्यानं नुसतं पोट सुटलंय. आत्याबाईंचं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्या मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणत. तीन वर्षांत माझी कूस उजवली नव्हती. गाभण जनावरावर माझी सावली पडू नये असं त्यांना वाटे. एक दिवस त्यांनी मला सरळ सांगितलं, "शेण काढायचं तेवढं काढ. घोडीच्या अंगाला हात लावू नगंस." मला इतका राग आला की हातातलं शेणाचं घमेलं तिथेच आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. मी गुणी सून होते. निदान तशी माझी ख्याती होती.

माझ्या नवऱ्याला घोडी नको होती आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. बैलजोडी जगवायची तर कडबा पुरत नव्हता. गुरांच्या छावणीत सगळी जनावरं न्यावीत म्हणून तो गेला, तर तिथल्या कारकुनानं सांगितलं की रेशन कार्डावर जुन्या जिल्ह्याचा शिक्का आहे, नव्याचा आणा. हा बिचारा दोन दिवस लातूरला घालवून शिक्का घेऊन आला. मग कारकून म्हणाला, बैल ठेवा, पण घोडं काही गुरांत धरत नाहीत. नवरा घोडीला घेऊन उन्हातून परत आला. त्या दिवशी जेवताना त्यानं मामांना सांगितलं की एक घोडी दोन बैलांचं खायलीय, मुखेडच्या बाजारातला एक व्यापारी न्यायला तयार आहे, देऊन टाकू.

मामा म्हणाले, गाभण जनावर दावणीवरून हलवत नाहीत. पण दिवस जसे वर जायला लागले तसा त्यांचाही धीर सुटत गेला. शेवटी त्यांनी शब्द दिला: मुखेडच्या पुढच्या बाजारापर्यंत लक्षण दिसलं नाही तर आतलं गेलं असं समजायचं आणि व्यापाऱ्यानं घोडी न्यावी. व्यापारी तिला देगलूरकडून पलीकडे तेलंगणात चालवत नेणार होता. तसल्या पोटानं, तसल्या उन्हात. ती पोचणार नाही हे मला कळत होतं, मामांनाही कळत होतं.

लक्षण कोणतं, ते मात्र मामा बोलत नसत. घोडेवाल्यांचा तो नेम होता. घोडी कधी विणार आणि तिच्या अंगावर काय दिसायला हवं हे तोंडानं बोलायचं नाही. बोललं की लक्षण मागं फिरतं. मामा रोज सकाळी चहा घेतल्यावर घोडीच्या मागच्या पायांशी उकिडवे बसत, खाली वाकून बघत, शेपटीचं बूड चाचपत आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठत. चेहऱ्यावरूनच आम्हाला कळे. त्यांनी हे ज्ञान आपल्या मुलाला लहानपणी दिलेलं होतं, बायकांना नाही. आत्याबाई तर घोडीजवळ फिरकतही नसत. घोडं हे गड्यांनी बघायचं.

आता माझं सांगते. आत्याबाईंनी हात लावू नको म्हटल्यापासून मी रोज हात लावत होते. आधी हट्टानं, मग मायेनं. आमच्या माहेरी म्हैस व्यायला झाली की तिची कास रोज सकाळी कडुलिंबाच्या कोमट पाण्यानं धुतात, म्हणजे सड फुटत नाहीत आणि चीक स्वच्छ निघतो. घोडीची कास भरायला लागली तेव्हा मला वाटलं, हिचं कोण करणार? मग मी तांब्याभर पाण्यात चार पानं टाकून ते चुलीवर कोमट करायचे आणि सगळी उठायच्या आत, शेण काढायच्या निमित्तानं, पदराच्या टोकानं तिची कास पुसून यायचे. टँकरचं पाणी मोजून वापरायचं असे, म्हणून माझ्या अंघोळीतलं मी तांब्याभर कमी करत होते. घोडी हलत नसे. मान वळवून माझ्याकडे बघे. त्या घरात माझ्याकडे पोटाऐवजी तोंडाकडे बघणारी ती एकटीच होती. शेवटच्या चार दिवसांत तिच्या सडांच्या टोकांना पिवळट काहीतरी वाळलेलं दिसायला लागलं. पू झाला की माशांनी घाण केली या काळजीनं मी ते नखानं हलकेच सुटं करून नीट पुसून काढलं.

इकडे माझा संशय नवऱ्यावर. तो रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचा. परत आला की घरात न येता आधी गोठ्यात शिरायचा, कमरेच्या फडक्यात काहीतरी बांधलेलं असायचं आणि बाहेर येताना फडकं रिकामं. मी विचारलं तर म्हणाला, काही नाही, बैलांची दावी बघत होतो. बैल तर छावणीत होते. मी मनात म्हटलं, हा घोडीला काही पाला देतोय, आतलं पडावं म्हणून. मी त्याच्यावर इतकी नजर ठेवली की आमटीत मीठ घालायचं विसरू लागले.

बाजाराच्या दिवशी टँकर आला नाही. खरं तर आदल्या दिवशीच आला नव्हता. सकाळी रांजणात पिण्यापुरतं पाणी होतं. त्यातलं तांब्याभर काढायचं माझं धाडस झालं नाही. मी शेण काढलं, घोडीच्या कपाळावरून हात फिरवला आणि कास न धुताच परत आले. व्यापारी ओट्यावर येऊन बसलेला होता. मामा शेवटचं बघायला म्हणून गोठ्यात गेले.

थोड्या वेळानं त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. नेहमीचा नेम मोडून त्यांनी बोट दाखवलं. घोडीच्या दोन्ही सडांच्या टोकांना पिवळे थेंब गोठले होते, समईच्या वातीखाली ओघळ गोठतो तसे. मामा म्हणाले, "मेण आलंय. एक-दोन दिसांत विणार." व्यापाऱ्याला त्यांनी हात जोडले आणि तो मुकाट्यानं गेला.

चार दिवस मी काय पुसत होते ते मला कळलं. आजही पाणी असतं तर आत्तापर्यंत घोडी मुखेडच्या रस्त्याला लागली असती, माझ्या मायेच्या हातानं.

पण मामा उठले नव्हते. त्यांनी घोडीच्या मांडीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं. तिथे पांढरट ओघळ वाळून कडक झाला होता. सड मी पुसले होते, पायाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं आणि मामाही रोज सडांचीच टोकं बघत.

"हे आजचं न्हवं," मामा म्हणाले. "चार दिसाचं वाळलेलं हाय. सड कुणीतरी रोज पुसायलंय." मग ते सावकाश उठले आणि मुलाकडे बघून म्हणाले, "मेण काय आस्तं ते ह्या घरात दोघांलाच ठावं. मी न्हाई पुसलं."

आवाज चढलेला नव्हता. नवऱ्यानं कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि न जेवता कामावर निघून गेला. मी तिथे तीन हातांवर उभी होते. मी बोलले नाही. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी हात लावला होता हे कळलं तर त्या मला माहेरी पाठवतील, अशी मला भीती होती. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टँकर आला. सगळं गाव घागरी घेऊन पळालं, मामाही गेले. घरी आत्याबाई आणि मी. तेवढ्यात घोडी खाली बसली. दोन बायका, दोघींनाही घोड्याचं काही कळत नाही, आणि पुढचे दोन खूर बाहेर दिसायला लागलेले. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "बघत काय उभी राह्यलीस? धर." म्हशीचं धरतात तसं मी धरलं, घोडीच्या कळेबरोबर हलकं ओढलं आणि ओलं, लांब टांगांचं शिंगरू कडब्याच्या भुसकटावर घसरलं. आत्याबाईंनी आपल्या लुगड्यानं त्याचं नाक पुसलं. दोघीही रडत होतो. गव्हाणीजवळ बसले तेव्हा तिथे मला ज्वारीच्या भाकरीचे वाळके तुकडे दिसले. काठ जरा जास्त करपलेले, म्हणजे माझ्याच हातच्या भाकरी. नवरा कामावर नेलेल्या शिदोरीतली अर्धी भाकर कमरेला बांधून रोज घोडीसाठी आणत होता. ज्या घोडीला घालवा म्हणून तो सगळ्यांसमोर बोलायचा, तिच्यासाठी.

शिंगरू झाल्यावर तरी मामांचा राग निवळेल असं मला वाटलं होतं. तो निवळला नाही. मुलानं घोडीपुढे ठेवलेली पाण्याची बादली त्यांनी ओतून दिली. टँकरचं पाणी, दुष्काळात. मग मात्र मला राहवेना. तिसऱ्या दिवशी मी मामांपुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. लिंबाचं पाणी, पदर, पिवळं वाळलेलं, भाकरीचे तुकडेसुद्धा. आत्याबाई दारात उभ्या होत्या. आता काय व्हायचं ते होवो, असं म्हणून मी मान खाली घातली.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "नवऱ्यासाठी एवढं खोटं बोलू नगंस. सासूनं नगं म्हणलेलं तू कधी केलंयस का?"

मी शपथ घेतली. तांब्या आणून दाखवला. पदराचं हिरवट डागाळलेलं टोक दाखवलं. जितकं सांगावं तितके त्यांचे डोळे भरून येत. आत्याबाई पुढे आल्या, मला उठवलं आणि म्हणाल्या की असली सून गावात कुणाला नाही. संध्याकाळपर्यंत ते पारावर पोचलं: मुलानं मेण पुसलं आणि सुनेनं स्वतःवर घेतलं. त्या दिवसापासून आत्याबाईंनी माझ्या सावलीचं नाव काढलं नाही. मला त्या घरात जी इज्जत मिळाली ती तिथून मिळाली, आणि ती सगळी नवऱ्याच्या वाट्याची होती.

मामा पुढे आठ वर्षं जगले. मुलाशी कामापुरतं बोलत. अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी खुंटीवरचा लगाम काढायला लावला आणि मुलगा शेजारी बसलेला असताना माझ्या हातात दिला. मी तो तिथल्या तिथे नवऱ्याकडे दिला, तर त्यानं घेतला नाही.

आता आम्ही दोघंच असतो. घोडी नाही, तिचं शिंगरू म्हातारं होऊन गेलं, जळकोट तालुका झाला. उन्हाळा लागला, टँकरची बातमी आली की तो हमखास त्या विषयावर येतो. परवाही आला.

"तुला तरी वाटतं का, मी पुसलं म्हणून?"

"मी पुसलं," मी म्हणाले. "किती वेळा सांगू? माझ्या हातानं पुसलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि थकल्यासारखा हसला.

"बघ," तो म्हणाला, "अजून मलाच वाचवायलीस."