गवत काढलं, उपटलं नाही

मथुरा परब मूळची कुडाळकडची, राहायला विक्रोळीच्या चाळीत. मुलुंडच्या सोसायटीत ती आली होती जिने झाडायला. मागच्या आवारातलं गुडघाभर गवत तिला बघवेना, म्हणून घरून विळा आणला, आणि तेव्हापासून ते गवत तिचंच झालं. पुढे जिन्यांचं काम एका एजन्सीला दिलं. मथुराकडे उरलं फक्त गवत.

यंदा नवरात्राच्या सुमारास सेक्रेटरी हर्षदभाई जाता जाता म्हणाले, "मथुराबाई, सोमवारपर्यंत मागचं सगळं गवत काढून टाका."

आता मराठीत 'काढणं' या क्रियापदाला काही धरबंध नाही. दूध काढतात, फोटो काढतात, भांडण काढतात, माणसाला कामावरूनही काढतात. कुडाळकडे गवत काढायचं म्हणजे विळ्याने कापायचं. मुळासकट हवं असेल तर बेणायचं. मथुराने गवत काढलं. इतकं एकसारखं, की संध्याकाळी पोरं त्यावर लोळली.

सोमवारी पेव्हर ब्लॉक भरलेला टेम्पो आला. गाड्या लावायला जागा पुरत नव्हती, म्हणून तिथे ब्लॉक बसवायचं कमिटीत ठरलं होतं. मथुराला तेवढं सांगायचं राहिलं. बसवणाऱ्यांना उघडी माती हवी. हिरवं आवार बघून ते कांजूरमार्गच्या दुसऱ्या कामावर निघून गेले. हर्षदभाई भडकले. मथुरा शांतपणे म्हणाली, आमच्याकडे काढतात ते असंच. सोसायटीच्या अध्यक्षा हेमांगीताई मालवणच्या. त्या हसून म्हणाल्या, बरोबर बोलते ती.

घरी जाऊ जयाने चहा ओतता ओतता विचारलं, "तुका खरांच समाजला नाय?"

"समाजला गो," मथुरा म्हणाली. "पण शब्द त्येणां माझो वापरल्यान."

जया हसली. मथुराला मात्र हसू आलं नाही. शब्दाच्या आड एकदाच लपता येतं, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हर्षदभाई मुद्दाम खाली आले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मुळापासून उपटा. एक काडी राहता कामा नये."

मथुराने विळा खाली ठेवला.

"मी नाही उपटणार. गवत काढलं तर परत येतं, हर्षदभाई. मला काढलंत तर मी कुठे परत येऊ?"

हर्षदभाईंना गवत आणि गाड्या एवढंच दिसलं होतं. या दोहोंत एक बाई आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते वर गेले.

कमिटीत पुन्हा वाद झाला. शेवटी गेटकडच्या अर्ध्या आवारात ब्लॉक बसले. ती बाजू दुसऱ्याच माणसांनी खणली; मथुरा तिकडे फिरकली नाही. उरलेलं अर्धं तिच्याकडे आहे. पगार मात्र अजून पुराच मिळतो, आणि ती तो विषय काढत नाही.