भिंतीला टेकलेला हात

आमच्या ताईच्या नाकावर राग नुसता येत नाही, तो तिथे बिऱ्हाड करून राहिलाय. लहानपणापासून घरात तिला सगळे तोफ म्हणायचे आणि मला गरीब गाय. पुढे आम्ही दोघी नर्स झालो, एकाच हॉस्पिटलात लागलो, आणि ज्याला त्याला आमचं भविष्य सांगायची हौस आली. तोफेने कॅज्युअल्टीत जावं, तिथली आरडाओरड तिला मानवेल. गाईने लहान मुलांच्या वॉर्डात जावं. आई तर शेजारणींना तसं सांगून मोकळीसुद्धा झाली.

मी ऑपरेशन थिएटर मागून घेतलं. तिथला पेशंट झोपलेला असतो. माणसांची सेवा करायला माझी ना नाही, पण त्यांच्याशी गप्पा मारायचा मला भयंकर कंटाळा. गाय कसली डोंबलाची! तोंड उघडायचा आळस आहे, एवढंच.

आणि ताईने मागितलं डायलिसिस. सगळे पोट धरून हसले. तिथे किडनी निकामी झालेली माणसं एक दिवसाआड येतात, तास न् तास मशीनला हात देऊन पडून राहतात, रक्त साफ करून घेतात आणि घरी जातात. तीच माणसं, त्याच खुर्च्या, वर्षानुवर्षं. डोकं थंड असलेल्यांचं काम.

"तुला तिथे करमेल का गं?" मी विचारलं.

"कॅज्युअल्टीत काय होतं?" ताई म्हणाली. "माणूस येतो, आपण जीव तोडून धावतो, थोड्या वेळात त्याला वर घेऊन जातात. पुढे तो जगला की गेला, आपल्याला कोण सांगतंय? रोज नव्या गोष्टीचं पहिलंच पान वाचायचं होय? मला नाही जमणार."

डायलिसिसला ती रमली. म्हणजे तिथेही भांडायचीच. पण त्याच त्या माणसांशी, आणि मागच्या वेळचं भांडण जिथे थांबलं तिथून पुढे. तिचं मुख्य भांडण मास्तरांशी. मास्तर म्हणजे चित्रकलेचे रिटायर्ड शिक्षक. एकटे राहायचे, स्वभावाने मिश्कील, आणि पाण्याला हपापलेले. या आजारात प्यालेलं पाणी अंगातच साठतं. ते मशीनने काढायचं, आणि किती काढायचं हे वजनावरून ठरतं. म्हणून आल्या आल्या वजनकाट्यावर उभं राहायचं. मास्तर काट्यावर उभे राहिले की त्यांचा डावा हात हळूच बाजूच्या भिंतीला टेकायचा. थोडा भार भिंतीवर गेला की काटा खाली. पाणी प्यायचं पाप लपलं.

"मास्तर, भिंत पडत नाहीये. सोडा तिला!" ताई पार टोकाच्या खुर्चीपासून ओरडायची. मग किती ग्लास प्यालात, लाज आहे का, मरायचंय का, असा तोंडाचा पट्टा सुरू. अख्खा वॉर्ड ऐकायचा.

एक दिवस मास्तरांनी मेट्रनबाईंकडे तक्रार केली. चारचौघांत अपमान होतो, म्हणाले. मेट्रनबाईंना निमित्तच हवं होतं. "मी पहिल्यापासून सांगतेय, तुझा स्वभाव तापट," त्या ताईला म्हणाल्या. "तुझी जागा कॅज्युअल्टीत." आणि डायलिसिसला एक गोड आवाजाची, हसतमुख मुलगी आली. पेशंट तिला साखर म्हणायला लागले.

ताई निमूटपणे खाली गेली. पण तिचा जीव मास्तरांच्या त्या हातात अडकलेला. मुद्दाम वर जाऊन तिने साखरेला सांगितलं, "त्यांचा डावा हात बघत जा."

"म्हातारं माणूस आहे हो, तोल जात असेल," साखर म्हणाली. "धरू द्या की भिंत."

त्या दिवशी ताईला जेवण गेलं नाही. मला म्हणाली, "हा माणूस मरणार बघ, आणि मला कळणारही नाही."

पण कळलं. काही आठवड्यांनी दुपारी मी तिच्याबरोबर जेवायला कॅज्युअल्टीत गेले होते. तेवढ्यात स्ट्रेचरवरून मास्तर आले. पाय सुजून टम्म, ओठ काळेनिळे, एकेका श्वासासाठी धडपड चाललेली. साठलेलं पाणी छातीत चढलं होतं. ताईने त्यांना उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांच्या हातात सगळं दिलं, डायलिसिसला फोन केला. हात भराभर चाललेले, पण तोंडातून अक्षर नाही.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग मास्क बाजूला करून म्हणाले, "सिस्टर... बोला ना."

ताईने मास्क परत बसवला.

त्यांनी तो पुन्हा ओढला. "रागवा की. एवढं... वाईट आहे का?"

मी ताईचा चेहरा बघितला. माझी बहीण घाबरली होती. जन्मात कधी घाबरलेली पाहिली नव्हती मी तिला. मग तिने कंबरेवर हात ठेवले.

"वाईट? लाज वाटते का, मास्तर? जन्मभर पोरांना सरळ रेघ मारायला शिकवलंत आणि स्वतःला काट्यावर सरळ उभं राहता येत नाही? वर मशीन तयार आहे. पाणी काढू द्या, मग बघते तुमच्याकडे. अजून खूप बोलायचंय मला. ते ऐकल्याशिवाय कुठे जायचं नाही, कळलं?"

डॉक्टर दचकून बघायला लागले. मास्तरांनी मात्र डोळे मिटले आणि मास्क निमूट लावून घेतला. स्ट्रेचर वर गेलं. ताईने डबा काही शेवटपर्यंत उघडला नाही. संध्याकाळी वरून निरोप आला, श्वास सुधारला. तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

बरे झाल्यावर मास्तर व्हीलचेअरवरून थेट मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. "तक्रार मागे घेतो," म्हणाले. "मला ती भांडखोर बाई परत द्या."

"पण तिचा स्वभाव..." मेट्रनबाई म्हणाल्या.

"स्वभावाचं काय घेऊन बसलात, बाई? बाकीचे माझ्याशी चांगलं वागतात. ती माझ्यावर लक्ष ठेवते."

ताई परत गेली त्या दिवशी, माझी सुट्टी होती तरी, मी बघायला गेले. मास्तर काट्यावर चढले आणि पोलिसाने पकडल्यासारखे दोन्ही हात वर करून उभे राहिले. वॉर्ड हसायला लागला. ताई वाकून आकडा बघत होती.

"वजन जास्त आहे," ती म्हणाली.

"आहे. पण सगळं माझंच आहे. भिंतीला काही दिलं नाही."

ताईने पाठ फिरवली, पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसले, आणि मग मास्तरांना असं काही झापलं की मला जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.