वासंतीच्या नावाचं फूल

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर नाहीच — आणि खरं तर तिलाच आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच झाला. असू दे.

मी सोलापुरात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. झाडांच्या नावांचा इतिहास हा माझा आवडता तास. स्वीडनच्या एका माणसानं शिस्त लावली — प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं लॅटिन नाव. त्याआधी एकेका झाडाचं नाव म्हणजे अख्खी ओळ असायची. आणि गडी होता तऱ्हेवाईक! ज्याच्याशी बिनसलं, त्याचं नाव त्यानं एका चिकट तणाला दिलं, असं सांगतात. पोरं हसायची. मग मी चेहरा गंभीर करून म्हणायचो, ‘बाळांनो, झाडाला माणसाचं नाव देणं म्हणजे त्याचे उपकार मानणं.’ काय तोंड होतं माझं!

तर, ते फूल. माझ्या बायकोचं, वासंतीचं माहेर करमाळ्याचं. एका श्रावणात कमळाभवानीचं दर्शन घेऊन आम्ही माळावरून पायी येत होतो. तिच्या चपलेत काटा घुसला, म्हणून ती खाली बसली. मी आपला पुढं निघून गेलो — झाडं बघत, बरं का! मागून तिची हाक आली, “अहो, ह्ये काय हाय, बघा की!” मुरमात बोटाएवढी कंदाची वनस्पती, फिकट जांभळं फूल. पाहिलं आणि मी तिथंच गुडघ्यांवर बसलो. असलं काही मी कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं.

ती नवी निघाली. कुणाच्याही नोंदीत नसलेली. आता तिला नाव द्यायचं. स्वतःचं देत नाहीत, तशी रीतच नाही. पण जिनं शोधलं तिचं द्यायला कोण अडवत होतं? कुणीच नाही. मी दिलं आमच्या विभागप्रमुखांचं. त्यांचं नाव वसंतराव. माझी बढती त्यांच्या हातात होती — दुसरं काही कारण नाही. शोधणाऱ्याच्या जागीही मी माझंच नाव टाकलं.

इथवर असतं तरी एक वेळ चाललं असतं. दुनियेत सगळेच साहेबाची मर्जी सांभाळतात, नाही का? पण पुढं ऐका.

त्या फुलावरचा माझा शोधनिबंध छापून आला. लॅटिनमध्ये पुरुषाच्या नावावरून नाव द्यायचं तर शेवटी ‘आय-आय’ लागतो, बाईच्या नावावरून दिलं तर ‘ए-ई’. वसंतरावांचं नाव छापलं गेलं ‘वसंत’ला शेवटी दोन आय लावून. ते इंग्रजी अक्षरांत सरळ वाचलं, तर काय होतं? वसंती, नाहीतर वासंती! वासंतीनं त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं आणि माझ्याकडं पाहिलं. “अहो, ह्ये माझं नाव हाय व्हय?”

त्या दोन आयचा अर्थ सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तिचा चेहरा असा काही फुलला होता... मी म्हणालो, “मग आणखी कुणाचं?”

वर्षानुवर्षं ती ते सांगत राहिली. माहेरी, जावांना, भाजीवालीला, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. मी शेजारी उभा राहून हसायचो. तिला कधी गर्व झाला नाही हो. नुसता आनंद व्हायचा. विभागप्रमुख तिला माहीत होते, पण घरात आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो; त्यांचं नाव तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं.

मी निवृत्त झालो, आम्ही शहरातल्याच ‘जुळे सोलापूर’ भागात राहायला आलो. मागच्या वर्षी इथल्या महिला मंडळानं वासंतीचा सत्कार ठेवला — ‘जिच्या नावाचं फूल आहे’ म्हणून. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार? सत्काराची सोलापुरी चादर अंगावर, नारळ हातात, ती उभी होती. पाहुणा एक तरुण प्राध्यापक होता, मोठा उत्साही. तो उठून म्हणाला, “सर, मॅडमचं नाव असेल तर शेवट चुकलाय. ए-ई पाहिजे. अशी चूक नियमानं दुरुस्त होते, मी लिहून कळवू का?”

पहिल्या रांगेत माझे कॉलेजातले जुने सोबती बसले होते. त्यांना खरं माहीत होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. वासंतीही — तिला वाटलं, मी आता काहीतरी समजावून सांगणार.

मी हसलो. खरंच हसलो हो! म्हणालो, “अहो, चूक कसली? ते आमच्या वसंतराव सरांचं नाव आहे. हिनं आपलं काहीतरी मनाशी धरलंय.”

सगळे हसले. ती पण हसली, जरा उशिरानं. नारळ दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

घरी आल्यावर बोलेल, रडेल, भांडेल, असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “भाकरी टाकू का आत्ता, का थांबता?” बास.

दुसऱ्या दिवशी मला स्कूटर काढायला लावली आणि चादर परत द्यायला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडं गेली. मी फाटकाशी गाडीवरच बसून राहिलो. दार उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. अध्यक्षीणबाई नको नको म्हणत होत्या. वासंती म्हणाली, “न्हाय वो, ठेवा ही. मला कुटं इंग्रजी येतंय? मीच चुकीचं वाचलं. ह्यांनी कदी तसं सांगितलं नव्हतं.”

तिनं चुकीचं वाचलं नव्हतं. तिनं मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो.

चार पावलांवर दार होतं. मी उतरलो नाही.