कागदावर उभा राहिलेला माझा पाय

गायकवाड सरांची पहिली ओळख झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. चिंचवडच्या आमच्या पंप-कारखान्याच्या कँटीनमध्ये मी ताट घेऊन उभा होतो. माझ्या डाव्या पायाकडे बघत त्यांनी विचारलं, संध्याकाळी बुटाची नाडी सैल करावी लागते का? लागत होती. मनात म्हटलं, हा साहेब की चेटक्या!

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सर पंपांच्या झडपांचे डिझाइनर. पाणी मागं फिरू नये म्हणून पाइपात झडप बसवतात. तशाच झडपा आपल्या शिरांतही असतात, रक्त वर चढावं म्हणून. ते गणित सर कंपनीच्या कॉम्प्युटरवर मांडत. गुरुवारी सुट्टी, सगळं मशीन-शॉप गार पडलेलं, आणि त्या एका खोलीत प्रिंटर खडखडतोय. सर त्या गणिताला ‘पाय’ म्हणत. पाय उभा आहे, दार लोटा, म्हणायचे. उठण्याआधी त्याला गणितातच आडवं करत. कुणाला उभं ठेवून जाऊ नये, हा त्यांचा नियम. आम्ही टिंगल करायचो, पण त्या दारावरून जाताना पावलं भरभर पडायची.

माझ्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, घोट्याला जखम झाली. डॉक्टरांनी फुगलेली शीर काढायचं ठरवलं. सरांनी आधी मला बोलावलं, उभं करून, बसवून पायाची मापं घेतली. आकडे जुळेनात. मग त्यांनी गणितात आतली मोठी शीर बंद आहे असं धरलं, अन् कागदावरचा पाय हुबेहूब माझ्यासारखा वागू लागला. अंगावर सर्रकन काटा आला. पाय माझ्या धडाला, अन् ठणकतोय तिकडे!

आता सरांनी गणितातून फुगलेली शीर काढली. दाब चढू लागला. त्यांनी पाय आडवा केला, तरी उतरेना. ओळीखाली ओळ, कागद जमिनीवर साचत होता. बाहेर चिटपाखरू नाही. माझी मांडी गार पडली. मी भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू.

"गणित चुकू शकतं," सर म्हणाले, "पण तपासल्याशिवाय ही शीर काढू द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून माझ्याबरोबर दवाखान्यात आले. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि शिरेत औषध सोडून एक्स-रे काढला. आतली शीर खरंच बंद होती. फुगलेलीच शीर पाय जगवत होती. ऑपरेशन रद्द झालं, घट्ट पट्टा आला.

कंपनीच्या मासिकाच्या अंकात हे छापायचं ठरलं, तेव्हा सरांनी हात झटकले. पाय शिंद्यांचा आहे, त्यांना विचारा, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

परवा सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः कसेबसे खाली बसले आणि माझ्या घोट्यावर बोट दाबून धरलं. कान देऊन ऐकावं तशी मान कलती केली.

"चालू आहे," ते म्हणाले.

सरांना निरोगी शंभरी लाभो. माझा पाय अजून त्यांच्या हवाली आहे.